झेंड्यावर अडकलेला कॉम्प्युटर

आमच्या वाचनालयातला कॉम्प्युटर २०१२ चा. अनुदानातून घेतलेला, लातूरच्या एका दुकानात सुटे भाग जुळवून केलेला. आय-थ्री प्रोसेसर, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, विंडोज सेव्हन. आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे. आता त्यांच्याच नातवंडांच्या खिशात याच्यापेक्षा तगडे मोबाइल आहेत. तरी आमचं सगळं त्याच डब्यावर चालायचं. नऊ हजारांवर पुस्तकांची दाखलनोंद, सभासदांची वर्गणी, जमाखर्च, दरवर्षीचा अहवाल.

आणि फोटो. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जुनं गाव गेलं. आत्ताचं गाव पुनर्वसनातलं, रुंद रस्त्यांचं. भूकंपाला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, आम्ही घरोघर फिरून जुन्या गावाचे फोटो मागून आणले आणि स्कॅन केले. माळवदाच्या ढिगाऱ्यातून निघालेले, ओल लागलेले, फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेले. ६१२ फोटो. मूळ फोटो ज्याचे त्याला परत दिले. स्कॅन फक्त त्या एका हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत काढायची राहून गेली असं म्हणायची सोय आहे, पण खरं सांगायचं तर अकरा वर्षांत मला ते सुचलंच नाही.

मी इथली ग्रंथपाल. बीए, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स, आणि कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएस-सीआयटी. म्हणजे डबा उघडून आत बघायचं धाडस मी २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत कधी केलं नव्हतं.

मशीन एप्रिलपासूनच कुरकुरत होतं. विंडोज सेव्हन चालू होताना काळ्या पडद्यावर चार रंगीत ठिपके फिरत येतात, जवळ येऊन त्यांचा झेंडा होतो, झेंडा मंद उजळत राहतो आणि मग पुढचा पडदा येतो. आमच्याकडं झेंडा व्हायचा आणि तिथंच थांबायचा. माऊस नाही, कीबोर्ड नाही, काही नाही. बटण दाबून बंद करायचं, परत लावायचं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा लागायचा. उन्हाचं तापत असेल म्हणून मी माठातलं पाणी प्यायला जायची, येईपर्यंत लागलेला असायचा. त्या दीड महिन्यात तो रोज सांगत होता की मला काहीतरी होतंय, आणि मी रोज पाणी पीत होते.

२४ मेच्या रात्री वळवाचा पाऊस आला. वाऱ्यानं तारा तुटल्या, दोन दिवस लाइट नव्हती. सोमवारी, २७ तारखेला, वाचनालय उघडून बटण दाबलं. झेंडा आला, थिजला. मी नऊ वेळा लावलं. नऊही वेळा झेंडा.

आमचे अध्यक्ष आप्पा सकाळी पेपर वाचायला येतात. चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय झालं मॅडम?"

"चालू होईना गेलंय आप्पा."

"मग एक चापट मारा की. आमचा रेडिओ तसाच लागत होता."

मी हसले, पण पोटात गोळा आला होता. वार्षिक अहवाल जूनअखेर लातूरला जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात द्यायचा होता, आणि त्यातले सगळे आकडे त्या झेंड्याच्या पलीकडं होते.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याला रात्री फोन केला. मला वाटलं तो म्हणेल हे बटण दाब, ते दाब. तो म्हणाला, "मावशी, आधी एक वही घे. नेमकं कुठं अडकतंय, तेव्हा डब्यावरचे दिवे काय करतात, आवाज काय येतो, ते लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची." वही घेतली. सांगते, त्या पंधरा रुपयांच्या वहीनं पुढं माझं बरंच वाचवलं.

कुठं अडकतं याला एवढं महत्त्व का, ते त्यानं समजावलं. पडद्यावर काहीच येत नाही, नुसती शिट्टी वाजते, तर बहुतेक वेळा रॅम किंवा बोर्ड. कंपनीचं नाव येतं आणि तिथंच थांबतं, तर यूएसबीला लावलेलं सगळं काढायचं, तरी थांबलं तर हार्ड डिस्कची वायर काढून बघायचं. डिस्क काढल्यावर पुढं सरकलं तर डिस्ककडं बोट. विंडोजचा झेंडा येतो आणि अडकतो, तर एखादा ड्रायव्हर, म्हणजे डब्यातला एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून असलेली छोटी फाइल, किंवा डिस्क. आणि सगळं येऊन, डेस्कटॉप दिसून मग हँग होतं, तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी. आमचं तिसऱ्या घरातलं.

दिव्याचं मी कधी बघितलंच नव्हतं. डब्यावर दोन दिवे असतात, त्यातला लाल डिस्कचा. काम चालू असताना तो लुकलुकतो. आमचा झेंड्यापाशी आला की लुकलुकणं थांबवून एकसारखा जळत राहायचा, आणि कान लावला तर आतून टिक्, टिक्, मग शांतता, परत टिक्. हे सगळं २८ मेच्या पानावर लिहिलेलं आहे. उत्तर त्याच पानावर होतं, आम्हाला ते वाचायला तीन आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करायची सोय. बटण दाबल्यापासून एफ ८ टकटकवत राहायचं, मग एक यादी येते, त्यातून निवडायचं. पांढऱ्या अक्षरांत फायलींच्या नावांची रांग पळाली आणि क्लासपीएनपी नावाच्या फायलीवर थांबली. मोबाइलवर शोधलं तर त्या एका फायलीला शिव्या देणारे जगभर भेटले. मला वाटलं सापडला चोर. भाचा म्हणाला, "नाही मावशी, ज्याचं नाव छापलं गेलं तो नीट आत पोचला. अडकलाय तो त्याच्या पुढचा, त्याचं नाव अजून आलंच नाही."

३० मे, गुरुवार. किल्लारीच्या बाजारात मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, त्याला बोलावलं. पोरगा भला. दोनदा लावून बघितलं आणि म्हणाला, "विंडोज मारावं लागतंय मॅडम. पाचशे रुपये. तुमच्या डी ड्राइव्हला काई होत नाही, सी तेवढा जाईल." मारणं म्हणजे पुसून नव्यानं टाकणं, आणि सी, डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. मी हो म्हणणार होते. पिशवीतून त्यानं सीडी काढलीसुद्धा. तेवढ्यात डोक्यात आलं की दाखलनोंदीची फाइल डेस्कटॉपवर आहे, फोटोंचं फोल्डरही डेस्कटॉपवर आहे, आणि डेस्कटॉप कुठं असतो? विचारलं. "डेस्कटॉप सीलाच असतोय की." त्याला चहा पाजून परत पाठवलं. तुमच्याकडं कुणी विंडोज मारायला आलं तर आधी एवढंच विचारा. डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, हे सगळं मुद्दाम हलवलेलं नसेल तर सी ड्राइव्हवरच असतं.

१ जूनला शनिवारी डबा चादरीत गुंडाळून एसटीनं लातूरला नेला. बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, डब्याला तिकीट पडलं नाही. कंडक्टरनं गाठोडं बघून फक्त विचारलं, "अंडी हायत का मावशी? मग मांडीवर धरा." डब्यावर मी कागद चिकटवला होता: 'फॉरमॅट करू नये. आधी फोन करावा.' खाली नंबर. हार्ड डिस्कवरच्या लेबलाचा आणि आतल्या सगळ्या भागांचा मोबाइलनं फोटो काढून ठेवला होता, ही भाच्याची अक्कल. दुकानात 'तपासणीस ठेवला' अशी चिठ्ठी मागून घेतली. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दिली.

"मंगळवारी या." मंगळवार म्हणजे ४ जून, लोकसभेचा निकाल. दुकान अर्धं उघडं, सगळे टीव्हीसमोर. "उद्या या." पाच तारखेला परत गेले. निदान तयार होतं: मदरबोर्ड गेला. जुना वापरलेला बोर्ड साडेचार हजार, पंधरा दिवसांची गॅरंटी. मी विचारलं, बोर्ड गेलाय तर मग झेंड्यापर्यंत येतो कसा? ते म्हणाले, "मॅडम, बारा वर्षं झाली. किती दिवस चालवणार?" प्रश्न काही चुकीचा नव्हता, पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तपासणीचे दोनशे दिले. शेजारच्या एकाला नुसतं विचारलं, डेटा काढून द्यायचं काय घ्याल? डिस्क पुण्याला पाठवावी लागेल, आठ ते बारा हजार, निघेल याची हमी नाही. परतीच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले होते. औशापर्यंत रडू आवरलं, नंतर खिडकीकडं तोंड केलं.

सहा तारखेला डबा मीच उघडला. आधी वायर भिंतीतून काढली, चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरलं म्हणजे आत राहिलेला करंट जातो, आणि हात लावायच्या आधी दर वेळी डब्याच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवलं. आत बारा वर्षांची धूळ होती आणि कुंभारमाशीची असतात तशी मातीची घरं. पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारावी असं आप्पांचं मत होतं. तसं करतात बरेच जण, पण कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि पंखा जोरात फिरून बिघडतो, म्हणून मी रंगाचा नवा ब्रश वापरला, पंखा बोटानं धरून. बोर्डावरची उभी नळकांडी, म्हणजे कॅपॅसिटर, टॉर्च लावून एकेक बघितली. त्यांचं डोकं फुगलेलं किंवा फुटून तपकिरी चिकट आलेलं असेल तर बोर्ड खरंच गेला समजायचं. आमची सगळी सपाट होती. दुकानदाराचं निदान मी त्या दिवशी वहीत 'संशयित' म्हणून लिहिलं. हार्ड डिस्कची डेटा केबल ऐंशी रुपयांची नवी लावली. फरक नाही.

सात तारखेला, शुक्रवारी, रॅम काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवरून शाळेचा खोडरबर फिरवला, चुरा झटकला, परत बसवल्या. दोन्ही बाजूंचे कान टक् वाजेपर्यंत दाबायच्या. बटण दाबलं. ठिपके, झेंडा, झेंडा उजळला, आणि गेला पुढं! डेस्कटॉप आला. दाखलनोंदीची फाइल समोर, फोटोंचं फोल्डर समोर. मी ओरडलेच. आप्पांना हाक मारली, ते आले, शाळेचे सर आले, कुणीतरी म्हणालं फोटो दाखवा की, मी फोल्डर उघडलं. पहिल्या ओळीतली चित्रं उमटली, दुसरी ओळ उमटता उमटता सगळं थिजलं. लाल दिवा एकसारखा. नंतर पुन्हा झेंड्यापुढं गेलं नाही.

पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. पर्स खुर्चीला लटकवलेली होती. एक्सेलची फाइल घ्यायला दहा सेकंद पुरे होते. त्या रात्री मी जेवले नाही, आणि हे इथं लिहायचं की नाही याचाही दोन दिवस विचार केला. लिहिते, कारण तुमचं मशीन मध्येच एकदा चालू झालं तर कुणालाही हाक मारू नका. आधी डेटा काढा.

आठ तारखेला माझ्या लक्षात आलं की चालू करताना घड्याळ चुकीचं येतंय, साल भलतंच. बोर्डावर एक रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ आणि बोर्डाच्या सेटिंग त्याच्यावर टिकतात. डबा एरवी कायम प्लगला असल्यामुळं दमत आलेला सेल कधी कळलाच नव्हता, वादळातल्या दोन दिवसांनी कळला. चाळीस रुपयांचा सेल, नखानं काढून बसवला. भारी वाटलं. बटण दाबलं तर नवाच आजार! आता झेंडा पूर्ण होण्याआधीच निळा पडदा क्षणभर चमकायचा आणि मशीन आपोआप परत चालू व्हायचं. पुन्हा निळा, पुन्हा चालू. मला वाटलं, मारलं मी त्याला.

तीन दिवस हे चाललं. आपोआप चालू होणं थांबवायची सोय एफ ८ च्या यादीत आहे, ती निवडल्यावर निळा पडदा स्थिर झाला आणि शेवटी 7बी असा आकडा असलेला कोड वाचता आला. भाच्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "मावशी, तू सेल काढलास तेव्हा वायर काढलेली होती ना? मग सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या. साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, आधी काय होता?" मला काय माहीत! कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. चालू करताना डिलीट दाबून बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेले, तिथं आयडीई दिसत होतं. त्याच्या सांगण्यावरून एएचसीआय केलं, एफ १० दाबून जतन केलं. निळा पडदा गेला. झेंडा आला आणि थिजला. जुना आजार परत आलेला बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलेलं असतं त्याच मोडमध्ये ते डिस्कला ओळखतं, एवढीच भानगड. सेल काढण्याआधी तिथल्या प्रत्येक पानाचा मोबाइलनं फोटो काढा. माझे तीन दिवस तुम्हाला फुकट.

मृग लागला होता. पहिला दमदार पाऊस झाला आणि गाव सोयाबीनच्या पेरणीत गुंतलं. वाचनालयात चिटपाखरू नाही. मी वही घेऊन बसायची आणि वाट बघायची, कारण भाचा येणार होता सोळाला. सतरा जूनला सोमवारी बकरी ईदची सुट्टी, जोडून रविवार.

तो येताना लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, टाकलेला पेनड्राइव्ह घेऊन आला. साडेतीनशेचा पेनड्राइव्ह, मिंट फुकट. ही युक्ती मला आधी कळली असती तर लातूरच्या तीन खेपा वाचल्या असत्या. मशीन चालू करताना आमच्या बोर्डावर एफ १२ दाबायचं (दुसऱ्या बोर्डांवर एफ ११ किंवा एफ ८ असतं), यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा, आणि हार्ड डिस्कवरच्या विंडोजला न उठवता अख्खा कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालतो. आधी त्यातूनच मेमरीची चाचणी लावली, दोन फेऱ्या, एकही चूक नाही. मग मिंट चालू केलं. दोन मिनिटांत हिरवट पडदा, माऊस हलतोय, काहीही अडत नाही. भाचा म्हणाला, "बघ, बोर्ड चांगला, रॅम चांगली, प्रोसेसर चांगला, पॉवर सप्लाय चांगला. राहिलं कोण?"

डिस्क स्वतःच्या तब्येतीचा हिशोब स्वतः ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. मिंटमधल्या डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो दिसतो. त्यात दोन ओळी बघायच्या. रिअॅलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब झाल्यामुळं डिस्कनं बाजूला टाकून राखीव जागेत हलवलेले तुकडे. पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचताच येत नाहीत, अजून निकाल लागलेला नाही असे. दोन्ही शून्य असायला हवेत. आमच्याकडं पेंडिंग १८४. म्हणजे विंडोज चालू होताना त्यातल्या एखाद्या तुकड्यापाशी यायचं, डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायची, टिक्, टिक्, आणि विंडोज बिचारं उत्तराची वाट बघत उभं. २८ मेच्या पानावरचा लाल दिवा तो हाच. आणि मी पाणी पिऊन पिऊन जे चालू-बंद केलं त्यानं तिचं दुखणं बहुधा वाढलंच.

चेक डिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवू का, असं मी विचारलं, कारण मोबाइलवर दहापैकी आठ ठिकाणी तेच लिहिलेलं. तो म्हणाला, डेटा बाहेर निघेपर्यंत मुळीच नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला त्यानं आणखी दमवायचं, वर ती दुरुस्तीच्या नावाखाली फायली इकडंतिकडं करणार.

आधी एक्सेलची फाइल पेनड्राइव्हवर. दहा सेकंद. मग डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवला आणि शाळेच्या सरांची एक टीबीची बाहेरची डिस्क जोडली. हा प्रोग्रॅम अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतो, आणि त्याची पद्धत मला ऐकताक्षणी कळली, कारण आम्ही पुस्तकांची साठा पडताळणी तशीच करतो. पहिल्या फेरीत कपाटात दिसतील त्या पुस्तकांवर खुणा करत भराभर पुढं जायचं, न दिसलेल्यासाठी थांबायचं नाही. मग राहिलेल्यांची यादी घेऊन एकेक शोधायचं. तोही आधी चांगला भाग उचलतो, खराब जागा एका छोट्या फायलीत मांडून ठेवतो, नंतर त्यांच्यावर परत येतो. ती नोंदीची फाइल बाहेरच्या डिस्कवरच ठेवायची हे महत्त्वाचं. पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट बंद झालं की त्यातलं सगळं पुसलं जातं.

याची किंमत त्याच रात्री कळली. आप्पांनी घरचा इन्व्हर्टर वाचनालयात आणून दिला होता. पहिली फेरी सहाएक तासांत झाली, खराब जागांवर काम चालू झालं. रात्री दोनला लाइट गेली, पहाटे चारला इन्व्हर्टरही बसला. भाचा सतरंजीवर घोरत होता, मी अंधारात बसून होते. सकाळी लाइट आल्यावर प्रोग्रॅम परत उतरवून तीच आज्ञा दिली आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू! मंगळवारी सकाळपर्यंत चाललं. पाचशे जीबीतलं शंभरेक एमबी सोडून सगळं निघालं. मग त्या प्रतीतून, मूळ डिस्कला हात न लावता, फायली काढल्या. ६१२ पैकी ६०५ फोटो पूर्ण उघडले. सात अर्धे, वर चित्र आणि खाली सपाट राखाडी.

एक धक्का बाकी होता. दाखलनोंदीची फाइल मिंटमध्ये उघडली तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांची खिचडी. मी खुर्चीतच बसले. फाइल शाबूत होती, फक्त २०१२ मध्ये आम्ही शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करायचो, सगळ्या मशीनवर सारखं दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट मशीनवर नसला की अक्षरांची सोंगं उघडी पडतात. जुन्या विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्ट उचलले, मिंटमध्ये टाकले, आणि नावं परत आली. जुनी मराठी फाइल वाचवताना फॉन्टही वाचवा, एवढं ध्यानात ठेवा.

मग आमचं सरकारी काम. नवी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली नव्या पद्धतीची डिस्क) घ्यायची तर सादिलमधून (किरकोळ खर्चाच्या रकमेतून), म्हणजे कार्यकारी मंडळाचा ठराव आणि तीन दरपत्रकं. वीस तारखेला बैठक. पेरणीमुळं गणसंख्या भरेना, आप्पांनी दोघांना शेतातून मोटारसायकलवर आणलं. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा, तिसऱ्या दिवशी लातूर. दोनशे चाळीस जीबीच्या एसएसडीची दरपत्रकं १,७५०, १,९०० आणि २,१५०. एका दुकानदारानं एवढ्याशा वस्तूसाठी शिक्क्याचा कागद द्यायला नाही म्हटलं, चौथ्याकडं जावं लागलं. जीएसटी बिलावर वाचनालयाचं नाव घालून घ्या, स्वतःचं नको, ऑडिटला त्रास होतो.

बसवणं सगळ्यात सोपं निघालं. त्याच दोन वायरी, दोन स्क्रू. विंडोज सेव्हनला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० लाच सोडून दिलंय, विंडोज इलेव्हन एवढ्या जुन्या प्रोसेसरला घरात घेत नाही, आणि विंडोज टेनचीही १४ ऑक्टोबर २०२५ ही मुदत तेव्हा जाहीर होती. म्हणून मिंटच टाकलं, त्यातलं हलकं एक्सएफसीई. रविवारी, २३ तारखेला, भाचा व्हिडिओ कॉलवर आणि मी कीबोर्डवर. पाऊण तास. आता बटण दाबल्यापासून चाळीसेक सेकंदांत मशीन कामाला तयार असतं. तक्रार एकच, आमचा जुना स्कॅनर मिंटला ओळखता येत नाही. स्कॅन करायला शाळेत जावं लागतं.

फॉन्ट बदलायला आणखी तीन दिवस गेले. युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण रफार भलत्या अक्षरावर जातो आणि पहिली वेलांटी वाट चुकते. 'धर्म' नीट येतो, 'कार्यकर्ता' येत नाही. सगळी नऊ हजार नावं तपासायला वेळ नव्हता, त्या वर्षी दाखल झालेली तेवढी दुरुस्त केली. अजूनही रोज पन्नास ओळी करते.

२८ जूनला, शुक्रवारी, अहवाल नेऊन दिला. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती आपल्या फायलीला लावायची. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, यंदा उशीर? मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडला होता. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचाच बिघडतो जूनमध्ये."

खर्चाचं पान वहीत आहे: तपासणी २००, केबल ८०, सेल ४०, पेनड्राइव्ह ३५०, एसएसडी १,७५०. एकूण २,४२०. प्रवासखर्च मी लावला नाही. शाळेच्या सरांच्या डिस्कवरची प्रत अजून तिथंच आहे. दुसरी पुण्यात भाच्याकडं, तिसरी आप्पांच्या कपाटात, त्यांच्या शेतीच्या कागदांच्या पिशवीत.

अर्ध्या राहिलेल्या सात फोटोंसाठी जुलैत परत घरं फिरले. पाच मिळाले. एक कुटुंब पुण्याला गेलंय, त्यांच्याकडं निरोप दिलाय. सातवा वेशीचा होता. त्या घरातल्या आजी गेल्या आणि मूळ फोटो कुणालाच सापडेना. आमच्याकडं वेशीचा वरचा भाग आहे, कमान आणि कमानीवर बसलेली दोन पोरं. खाली राखाडी.

जुनी हार्ड डिस्क टाकून द्यावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, पण ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, संगणक संचाचा भाग आहे. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, ठराव मंजूर होईपर्यंत ती फेकता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय आणि वर चिठ्ठी लावलीय: 'चालू नाही. कॉम्प्युटरला लावू नये. फेकू नये.' खाली तारीख आणि माझी सही.